हे रोप कुठलं हो ताई?

या वेळी फोटोंचा नुसता पाऊस पडलाय. आणि दहातल्या नऊ फोटोंत काय, तर एक पान, तेही वरून काढलेलं, अर्धं उन्हात अर्धं सावलीत, आणि खाली प्रश्न, "ताई हे काय आहे?" अहो हिरवं आहे एवढं कळलं मला, पुढचं कसं कळणार? मागेही सांगितलं होतं, परत सांगते, पानाचा फोटो नंतर, आधी पान जिथे खोडाला चिकटतं त्या बेचक्याचा काढा. झाडाची अर्धी कुंडली तिथेच असते. चला, प्रश्न घेऊ.

प्रश्न : ताई, कुंडीत मी काही न लावता एक रोप आलंय, वीतभर उंच झालंय. पानं एकदम चकचकीत आणि मधे मधे काटे आहेत. घरात सगळे म्हणतात जंगली आहे, उपटून टाक. मला उपटवत नाही. काय असेल?

उपटू नका, थांबा. तुम्ही खोडाचा फोटो पाठवलात, जियो! त्यात दिसतंय की पानाच्या बेचक्यात एकेकच काटा आहे, आणि देठ संपून पान सुरू होतं तिथे एक बारीक सांधा आहे, बोटाच्या पेरावर असतो तसा. आता एक करा. एक पान तोडा, खिडकीपाशी जा आणि ते उजेडाकडे धरून डोळ्याजवळ आणा. पानभर सुईनं टोचल्यासारखे बारीक बारीक उजळ ठिपके दिसतील. ती भोकं नाहीत, तेलाच्या ग्रंथी आहेत. मग तेच पान बोटांत चुरगळून वास घ्या, पुढचं मी सांगायची गरजच उरणार नाही.

लिंबाच्या कुळातलं आहे. आता लिंबू की संत्रं की मोसंबी हे वीतभर रोपावरून मी छातीठोकपणे सांगणार नाही, कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे जरा संशयानं बघा. फक्त देठाला दोन्ही बाजूंनी चांगले रुंद पंख फुटल्यासारखे दिसले, म्हणजे एका पानाला खाली अजून एक छोटं पान जोडल्यासारखं, तर पपनस असण्याची शक्यता धरायची. तुम्ही कधीतरी फळ चिरून बी मातीत टाकली असेल आणि विसरला असाल. फळ धरायला काही वर्षं जातील, तोवर कुंडी मोठी करा. आणि ही उजेडाची ट्रिक लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात परत लागणार आहे.

प्रश्न : आमच्याकडे एक वेल आहे. सासूबाई म्हणतात मनी प्लांट, नवरा म्हणतो फिलोडेन्ड्रॉन, आणि नर्सरीवाल्यानं पोथोस सांगून दिला. जावेकडे जाडजूड गोल पानांचं वेगळंच झाड आहे, त्यालाही ती मनी प्लांटच म्हणते. खरं कोण?

सासूबाई बरोबर, नर्सरीवाला बरोबर आणि जाऊबाईही बरोबर. नवऱ्याचं मात्र चुकलं, पण अगदीच उगाच नाही चुकलं, कारण या दोन वेली भल्याभल्यांना फसवतात.

तर मनी प्लांट हे एका झाडाचं नाव नाहीच, ते अनेकांनी वाटून घेतलेलं टोपणनाव आहे. तुमची वेल पोथोस. जाऊबाईंकडे बहुतेक जेड, म्हणजे क्रॅसुला. शिवाय नाण्यासारखी गोल पानं आणि देठ पानाच्या मधोमध जोडलेला असं एक पायलिया नावाचं झाड आहे, त्यालाही लोक मनी प्लांट म्हणतात. या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

आता पोथोस आणि फिलोडेन्ड्रॉन कसे वेगळे करायचे ते हातात घेऊनच बघा. पानाच्या देठावर वरच्या बाजूनं नख फिरवा. नख खाचेत बसलं, म्हणजे देठाला पन्हाळीसारखी खोबण लागली, तर पोथोस. देठ गोलसर लागला आणि पानही जरा पातळ, मऊ असलं तर फिलोडेन्ड्रॉनकडे संशय जातो. मग शेंड्याकडे जा. फिलोडेन्ड्रॉनचं नवं पान एका वेगळ्या खोळीत गुंडाळून येतं, पान बाहेर आलं की ती खोळ सुकते आणि गळून पडते. पोथोसला अशी वेगळी खोळ नसते, नवं पान आधीच्या पानाच्या देठातूनच उलगडतं. तुमच्या फोटोत खोबण स्पष्ट दिसतेय, तेव्हा नवऱ्याला दाखवा.

या वेलीची एक गंमत. ती मूळची प्रशांत महासागरातल्या मूरिया नावाच्या छोट्याशा बेटावरची, आणि आज जगभरातल्या घरांत बाटलीत, कुंडीत, बाथरूमच्या खिडकीत आहे, पण ती फुललेली जवळजवळ कुणी बघितलेली नसते. फुलायला जे जिबरेलिन नावाचं संप्रेरक लागतं ते हिच्यात पुरेसं तयारच होत नाही. म्हणजे बोटभर बोटभर तुकडे तोडून तोडून ती जगभर गेली. फूलच नसल्यामुळे शास्त्रज्ञांचीही पंचाईत, ओळख पटवायला फूल हवं ना! १८८० मध्ये तिला पोथोस म्हटलं, मग दुसऱ्या गटात टाकलं, मग तिसऱ्या, आता ती एपिप्रेम्नममध्ये आहे. आपण अजून पोथोसच म्हणतो, जुनं नाव सुटत नाही.

लोक मला विचारतात की ती लांबलचक लॅटिन नावं कशाला हवीत. यासाठीच हवीत. स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५३ मध्ये सगळ्या झाडांना दोन शब्दांचं नाव द्यायची पद्धत पक्की केली, पहिला शब्द गटाचा, दुसरा त्या जातीचा, आपल्या आडनाव-नावासारखं. गट बदलला की आडनाव बदलतं, एवढंच. स्नेक प्लांटचं आडनाव तर अगदी अलीकडे बदललं, सॅन्सेव्हिएरियाची ती ड्रॅसिना झाली. कुंडीवरची चिठ्ठी जुनी असेल तर राहू द्या, झाडाला फरक पडत नाही.

प्रश्न : मी एकाच झाडाचे तीन फोटो काढले आणि ॲपनं तीन वेगळी नावं दिली, एकदा तर ८७ टक्के लिहून आलं आणि तेही चूक निघालं. ही ॲप्स बेकार असतात का?

बेकार नाहीत रे, तू त्याला काय खायला देतोस ते बघ. ॲप काय करतं, तर त्याच्याकडे लाखो फोटो आहेत, तुझा फोटो त्यातल्या कशासारखा दिसतो ते सांगतं. ते ८७ टक्के म्हणजे "मला माहीत असलेल्या झाडांपैकी याच्यावर माझा एवढा भरवसा आहे" असं. झाड त्याच्या यादीतच नसेल तर ते बिचारं "माहीत नाही" म्हणणार नाही, यादीतलं जवळचं काहीतरी ठोकून देणार. माझ्या ओळखीत अशी माणसंही आहेत.

प्लांटनेट हे फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी मिळून काढलेलं ॲप २०१३ पासून आहे, ते फोटो टाकल्यावर विचारतं की हे पान आहे, फूल आहे, फळ आहे की साल. बरेच जण घाईत काहीही दाबतात. तिथे नीट उत्तर दे, आणि एकाच झाडाचे दोन-तीन वेगवेगळ्या भागांचे फोटो एकत्र टाक, लगेच फरक दिसेल. आयनॅचरलिस्ट नावाच्या दुसऱ्या ॲपवर अजून एक सोय आहे, तिथे ॲपच्या अंदाजावर खरी माणसं येऊन हो-नाही म्हणतात, कधी कधी जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला कुणी फक्त गवतांचाच नाद असलेला माणूस रात्री दोनला तुझं गवत ओळखून देतो. मला हे फार भारी वाटतं. तिथे फक्त झाड लावलेलं आहे की आपोआप आलेलं हे खरं खरं सांग, नाहीतर घरातल्या कुंडीतलं झाड नकाशावर जंगलात उगवल्यासारखं दिसतं.

फोटो कसा काढायचा? भर उन्हात नको, पानं चमकतात आणि शिरा दिसत नाहीत. मागे पांढरा कागद किंवा स्वतःचा तळहात धर, त्यानं मोबाईलचा फोकस मागच्या भिंतीवर जायचा थांबतो आणि आकारही कळतो. आधी अख्खं झाड, मग पान वरून, पान खालून (खालून कुणी काढत नाही, आणि नेमकी लव, ठिपके, शिरांचा रंग सगळं तिथेच असतं), मग ते बेचकं. फूल असेल तर समोरून आणि बाजूनं दोन्ही, कारण फुलाच्या मागची हिरवी बाजू समोरून दिसतच नाही. आणि फोटोत येत नाही ते लिहून ठेव, वास कसा आहे, तोडल्यावर चीक येतो का, पांढरा की पाण्यासारखा, खोड बोटांत फिरवल्यावर गोल लागतं की चौकोनी. तुळस, पुदिना यांचं खोड चौकोनी लागेल, बघ करून. आणि गवतासारखं दिसणारं खोड तीन धारांचं लागलं तर ते गवत नसून बहुतेक लव्हाळा. चीक हाताला लागला तर डोळ्याला हात लावू नकोस, धुऊन टाक.

प्रश्न : घरातल्या कुंडीत रात्रीतून पिवळ्याधमक छोट्या छत्र्या उगवल्यात! झाड मरेल का? खाता येतात का?

झाड मरणार नाही, आणि खायच्या नाहीत. ही अळंबी, नाव जरा तोंडात न मावणारं आहे, ल्युकोकोप्रायनस बर्नबॉमी. मातीतलं कुजलेलं पान-लाकूड खाऊन जगते, तुमच्या झाडाला हातही लावत नाही. एक-दोन दिवसांत माना टाकेल. बघून घ्या, फोटो काढा, घरात पोर किंवा कुत्रं-मांजर असेल तर चिमटीनं काढून टाका. आणि खरं म्हणजे हा प्रश्न माझ्या सदरात बसत नाही, अळंबी वनस्पती नाहीच, नात्यानं ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. पण फोटो इतका सुंदर होता की मोह आवरला नाही.

प्रश्न : कंपोस्ट घातल्यापासून वाफ्यात शंभरेक रोपं आलीत, प्रत्येकाला दोनच पानं, सगळी सारखीच. कुठली ठेवू?

अजून आठवडाभर काहीच करू नका. ती पहिली दोन पानं खरी पानंच नव्हेत, ती बीजपत्रं, बीच्या आतली शिदोरी. त्यावरून ओळखायला बसलात तर डोकं फिरेल. तिसरं पान आलं की खरं रूप कळतं. तरी अगदीच राहवत नसेल तर, जाडजूड, लांबट गोल, चमच्याएवढी बीजपत्रं म्हणजे भोपळा-काकडीच्या घरातलं कुणीतरी. अरुंद आणि टोकदार असतील आणि पुढचं पान कातरलेलं, चोळल्यावर तो खास उग्र वास आला तर टोमॅटो. बाकीच्यांना वेळ द्या.

प्रश्न : कुंपणाच्या झुडपावर कुणीतरी पिवळ्या-नारिंगी शेवया फेकल्यासारखं दिसतंय. पानं नाहीत, मुळं सापडत नाहीत. हे झाड तरी आहे का?

शेवया, हे बेस्ट वर्णन आहे! ही अमरवेल. झाडच आहे, फुलं येतात, बिया धरतात, फक्त स्वतः कमवायचं सोडून दिलंय. मुळं सापडत नाहीत कारण ती उरलेलीच नाहीत. बी जमिनीत रुजतं, दोऱ्यासारखा कोंब वर येतो, हवेत गोल गोल फिरत आधार शोधतो, आणि काही दिवसांत कुणी सापडलं नाही तर मरतो. सापडलं की विळखा घालून त्याच्या खोडात बारीक चूषकं घुसवतो आणि खालचं मूळ सुकून जातं, मग जमिनीशी संबंध संपला. भिंग असेल तर एक धागा हळूच ओढून बघा, विळख्याच्या आतल्या बाजूला ओळीनं बारीक गाठी दिसतील, त्याच त्या.

तो कोंब शोधतो कसा याचं उत्तर अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दिलं. अमरवेलीचे कोंब टोमॅटोच्या दिशेनं वाकत होते, आणि झाड न ठेवता नुसता टोमॅटोचा वास ठेवला तरी वाकत होते. गहू आणि टोमॅटो दोन्ही ठेवले तर टोमॅटोकडे जास्त. म्हणजे डोळे नाहीत, नाक नाही आणि तरी वासावर शिकार! मला हे वाचल्यावर कुंपणाकडे बघायची जरा भीतीच वाटायला लागली होती.

एक घोटाळा मात्र होऊ शकतो. अगदी अशीच दिसणारी दुसरी एक वेल आहे, कॅसिथा, ती दालचिनीच्या कुळातली आणि अमरवेल रताळ्याच्या कुळातली, नातं शून्य, पण धंदा एकच असल्यामुळे रूप सारखं झालं. कॅसिथा जरा जास्त हिरवट आणि दणकट असते. काढायची असेल तर नुसते धागे ओढून उपयोग नाही, तुकडा राहिला की परत वाढते, ज्या फांद्यांना विळखा आहे त्या फांद्यांसकट छाटा, आणि बिया धरायच्या आत.

प्रश्न : ब्राह्मी म्हणून दोन ठिकाणांहून दोन रोपं आणली, दोन्ही वेगळी निघाली. एकानं फसवलं का?

कुणीच फसवलं नाही. ब्राह्मी हे नाव दोघींना आहे. एकीची पानं छोटी, मांसल, लांबट, समोरासमोर जोडीनं येणारी आणि फूल पांढरं-फिकट जांभळं पाच पाकळ्यांचं, ती बॅकोपा. दुसरीची पानं गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची, कडा दातेरी, लांब देठावर एकेकटी उभी, ती सेंटेला, तिला मंडूकपर्णी पण म्हणतात. ही दुसरी गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली आहे, बघून वाटत नाही. तिच्यासारखंच दिसणारं एक पाणथळ जागेतलं रोप असतं, हायड्रोकोटायल, त्याच्या बऱ्याच जातींत देठ पानाच्या मधोमध जोडलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. मंडूकपर्णीत देठ खाचेत, कडेला जोडलेला असतो. बघा, परत देठावरच आलो की नाही.

प्रश्न : कुंडीत भुईआवळा उगवलाय असं वाटतंय, पानं चिंचेसारखी आणि खाली मण्यांची रांग. काढा करून घेऊ का?

ओळख आणि काढा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आधी ओळख.

चिंचेसारखी पानं म्हणालात ना, तीच गंमत आहे. चिंचेचं एक पान म्हणजे ती अख्खी छोट्या छोट्या पर्णिकांची काडी, संयुक्त पान. भुईआवळ्याची काडी तशीच दिसते पण ती पान नाही, ती बारीकशी फांदी आहे आणि तिच्यावरचं प्रत्येक चिमुकलं पान हे स्वतंत्र पूर्ण पान आहे. कशावरून? पूर्ण पानाच्या बेचक्यातून फूल, फळ, फांदी असं काहीतरी येऊ शकतं, पर्णिकेच्या बेचक्यातून कधीच येत नाही. आणि तुमचे ते मणी नेमके त्या चिमुकल्या पानांच्या बेचक्यातूनच खाली लोंबतायत. काडी उलटी करून बघा, प्रत्येक पानाखाली एकेक. झाडं ओळखायचा नाद लागायचा असेल तर या एका काडीपासून लागतो, मला लागला.

तर भुईआवळ्याच्या गटातलं आहे हे नक्की. पण त्या गटात सारख्या दिसणाऱ्या बऱ्याच जाती आहेत, एकीचे मणी गुळगुळीत आणि छोट्या देठावर, दुसरीचे खरबरीत आणि फांदीला जवळजवळ चिकटलेले, खोडावर लालसर झाक. शेजारीच तुमच्या फोटोत खाली अजून एक रोप आहे, ते बघितलंत का? पानं समोरासमोर, अंगावर लव, बेचक्यात फुलांचे गच्च गुच्छ. ती दुधी, भाजीतला दुधी भोपळा नव्हे. खोड मोडलं की पांढरा चीक येईल. दोन्ही एकाच मुठीत उपटली जातात.

म्हणून काढ्याचं उत्तर, नको. फोटोवरून ओळखलेलं कुठलंही झाड पोटात घ्यायचं नाही, मी ओळखलेलं असलं तरी. चव घेऊन ओळखणं हा प्रकारही बंद करा. गाजराच्या कुळात तर पांढऱ्या छत्रीसारखी फुलं असणारी कितीतरी झाडं एकमेकांच्या प्रती वाटतात आणि त्यातलंच एक हेमलॉक, सॉक्रेटिसला दिलेलं. आणि "पक्षी खातात म्हणजे चालतं" हेही खरं नाही, पक्ष्यांना पचणारी बरीच फळं माणसाला विषारी असतात.

प्रश्न : नात रांगायला लागलीय. घरात मोठ्या पानांचं, हिरव्यावर पांढरे शिंतोडे असलेलं झाड आहे, नाव माहीत नाही. ठेवू की काढू?

आजी, ते डिफेनबाकिया आहे, आजच उंचावर किंवा घराबाहेर ठेवा. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडात, घशात टोचतात, सूज येते, लाळ गळते, कधी कधी आवाज बसतो, म्हणूनच इंग्रजीत त्याला मुक्याचं झाड म्हणतात. वरच्या प्रश्नातल्या पोथोसमध्येही त्याच सुया आहेत. मुलानं चावलंच तर तोंडातले तुकडे काढा, तोंड पुसा, पाण्यानं धुवा, उलटी काढू नका आणि पानाचा तुकडा घेऊन डॉक्टरांकडे जा, नाव माहीत नसलं तरी तुकडा बोलतो. अंगणात कण्हेर असेल, पांढरी-गुलाबी काय आणि पिवळी काय, तर तिकडेही लक्ष ठेवा, ती याहून घातक. आणि घरात गुंजांची माळ असली तर ती आधी कुलपात. लाल, काळ्या ठिपक्याच्या त्या बिया मुलांना फार आवडतात, आणि भोक पाडलेली किंवा चावलेली बी जीवघेणी होऊ शकते. मांजर पाळता का ते लिहिलं नाहीत, पाळत असाल तर फुलदाणीत लिली नको, मांजराच्या मूत्रपिंडांना तिचे परागही घातक.

प्रश्न : एकाच फांदीवर दोन प्रकारची पानं, काही साधी, काही कातरलेली. कलम केलंय का कुणी?

नाही हो, तुती आहे. ती अशीच वागते.

प्रश्न : बोगनवेलीच्या फुलात अजून एक छोटं फूल येतंय. रोग आहे का?

रोग नाही, तुम्ही पहिल्यांदाच नीट बघितलंत! गुलाबी कागदासारखं जे आहे ते फूल नव्हेच, ती रंगीत पानं. एका झुबक्यात तीन. खरं फूल म्हणजे आतली ती पांढुरकी बारीक नळी. एक रंगीत पान हळूच सुटं करून बघा, फुलाचा देठ त्याच्या मधल्या शिरेला चिकटलेला दिसेल. आणि पानासारख्या शिरा तर आहेतच, उजेडाकडे धरा.

युरोपीय शास्त्रज्ञांच्या नजरेला ही वेल १७६७ मध्ये रिओ दि जानेरोत पडली, बूगॅनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रवासात. बोटीवरचा वनस्पतीतज्ज्ञ होता कोमर्सन, आणि त्याची मदतनीस होती जान बारे, जी पुरुषाचे कपडे घालून बोटीवर चढली होती कारण बायकांना परवानगीच नव्हती. जगाला प्रदक्षिणा घालणारी पहिली ज्ञात बाई तीच. जड पेट्या उचलत डोंगर चढून झाडं गोळा करायला कोमर्सनबरोबर तीच असायची. वेलीला नाव मिळालं कॅप्टनचं.

प्रश्न : ताई, मागच्या अंकात एका वाचकाला तुम्ही कडुनिंब सांगितलंत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. छापलेल्या फोटोत पान दोनदा विभागलेलं दिसतंय. तो बकाणा निंब नाही का?

सर, बरोबर आहे तुमचं. चूक माझी. फोटोत फांदीचा शेंडाच होता, दातेरी पर्णिका दिसल्या आणि मी पुढचं न बघता लिहून मोकळी झाले, म्हणजे जे मी दर वेळी लोकांना करू नका म्हणते नेमकं तेच.

आता नीट लिहिते. कडुनिंबात एका काडीच्या दोन्ही बाजूंना पर्णिका, बस, काडीला परत काड्या नाहीत. बकाणा निंबात काडीला काड्या फुटतात आणि पर्णिका त्या काड्यांवर. कडुनिंबाची फुलं पांढरट, बकाण्याची फिकट जांभळी आणि मधे गडद जांभळी नळी. कडुनिंबाची निंबोळी लांबट, बकाण्याचं फळ गोल, आणि पानं झडून गेली तरी पिवळे घोस झाडावर लटकत राहतात. ते फळ माणसालाही विषारी आणि कुत्र्या-डुकरांनाही. आणि ज्यांचा कडुनिंब आणि कढीपत्ता यांच्यात घोटाळा होतो त्यांनी पान उजेडाकडे धरा, ठिपके दिसले तर कढीपत्ता, तो लिंबाचा भाऊबंद.

चुकायची मला सोबत मोठी आहे म्हणा. लंडनच्या क्यू गार्डनच्या वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, जिथे सत्तर लाखांच्या आसपास नमुने आहेत, तिथे एका अवाढव्य कमळाचा नमुना १७७ वर्षं पडून होता. ते त्याच्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या ओळखीच्या कमळात गणलं जात होतं, आणि खुद्द तिथल्या तळ्यात ते जिवंतही वाढत होतं. २०२२ मध्ये कळलं की ही जात वेगळी आहे, व्हिक्टोरिया बोलिव्हियाना. डोळ्यांसमोर असून ओळखलं नव्हतं.

ज्या वाचकाला मी कडुनिंब सांगितलं होतं त्यांना सरांचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी फोन केला. त्यांनी पाला वापरायला म्हणून वर्तमानपत्रावर वाळत घातला होता, अजून वापरला नव्हता. म्हटलं टाकू नका, एक डहाळी मला पाठवा. ती आता माझ्याकडे दोन जाड पुस्तकांच्या मधे दाबून वाळवून कागदावर चिकटवलीय. संग्रहालयांत जुनी चिठ्ठी चुकीची निघाली तरी फाडत नाहीत, शेजारी नवी चिकटवतात, कुणी, कधी आणि काय बदललं ते लिहून. तेव्हा माझ्या कागदावरही "कडुनिंब" तसंच आहे, आणि त्याच्या शेजारी छोट्या चिठ्ठीवर, "बकाणा निंब, ओळख एका शिक्षकांची."